स्तनवृद्धीनंतरचे सहा महिने : आकाराच्या चिंतेचे विवेचन

पहिल्या आठवड्यात पट्टी सैल झाली की बाईला वाटते, फारच मोठे झाले. दुसऱ्या महिन्यात तीच बाई आरशासमोर उभी राहून म्हणते, एवढेच? इम्प्लांट तेच असते, सीसीचा आकडाही तोच असतो. मधल्या काळात सूज उतरलेली असते, छातीचा स्नायू थोडा सैलावलेला असतो आणि नव्या शरीराला डोळे सरावलेले असतात. एकाच वस्तूबद्दल दीड-दोन महिन्यांत दोन उलट निकाल येत असतील, तर तपासायला हवी ती निकाल देण्याची वेळ आणि पद्धत.

माझे म्हणणे असे की, पहिल्या सहा महिन्यांत आरशावरून आकाराचा निवाडा करू नये. तो शस्त्रक्रियेआधीच्या मोजमापांवरून करावा. गुंतागुंतीची लक्षणे मात्र आकाराच्या चिंतेपासून वेगळी काढावीत आणि त्यांच्यासाठी एक दिवसही थांबू नये. हे सगळ्याच बायकांना लागू आहे, पण धाराशिव जिल्ह्यात त्याला विशेष वजन येते. इथली बाई ही शस्त्रक्रिया करून घेते ती बहुधा पुण्यात, सोलापुरात किंवा हैदराबादेत. बरी होते ती मात्र कळंबच्या, परंड्याच्या किंवा उमरग्याच्या घरात. धाराशिवहून सोलापूर साधारण ७० किलोमीटर, पुणे साधारण २५० किलोमीटर. शंका रात्री दहाला येते तेव्हा सर्जन समोर नसतात.

सीसी, सेंटिमीटर आणि तांदूळ

इम्प्लांटचे माप सीसीत, म्हणजे घनफळात सांगतात. ‘३०० सीसी’ म्हटले की मनात एक ठरावीक आकार उभा राहतो, पण तीनशे सीसीला स्वतःचा असा एकच आकार नसतो. गोल इम्प्लांट म्हणजे गोलाचा कापलेला वरचा भाग असे ढोबळमानाने धरले, तर शाळेतल्या भूमितीने हिशेब करता येतो. तळाची रुंदी ११ सेंटिमीटर असेल, तर ३०० सीसी मावायला उंची सुमारे ५ सेंटिमीटर लागते. तळ १३ सेंटिमीटरचा असेल, तर तेवढेच घनफळ ४ सेंटिमीटर उंचीत मावते. अरुंद छातीवर ते पुढे येते आणि रुंद छातीवर पसरते. मैत्रिणीला ३०० सीसी शोभले म्हणून मलाही शोभतील, हा हिशेब म्हणूनच टिकत नाही. ट्रान्स स्त्रियांची छाती बहुधा रुंद असते, त्यामुळे मोठा आकडा घालूनही अपेक्षेपेक्षा लहान दिसल्याची तक्रार त्यांच्यात जास्त येते.

आता १३ सेंटिमीटरचा तळ तसाच ठेवून घनफळ ३० सीसीने वाढवू. उंची जेमतेम ३ मिलिमीटरने वाढते. तीस सीसी म्हणजे दोन मोठे चमचे. ‘डॉक्टरांनी ३३० म्हटले होते, मी ३०० घेतले, तिथेच चुकले’ अशी रुखरुख कित्येक जणी महिनोन्‌महिने बाळगतात. ती तीन मिलिमीटरची रुखरुख असते आणि पहिल्या महिन्यातली सूज एकटी त्याहून जास्त फरक दाखवते.

ब्राचे माप याहून फसवे. कप हे पट्ट्याच्या मापाला जोडलेले असते. ३४ सी आणि ३६ बी यांच्या कपात जवळजवळ सारखेच घनफळ मावते, आणि कंपनी बदलली की तेही हलते. ‘मला सी कप हवा’ ही मागणी सर्जनला पुरेसे काही सांगत नाही. कपचे आश्वासन देणारा सर्जनही पुढच्या निराशेची तयारी करून ठेवत असतो, असे मला स्पष्टपणे वाटते.

घरी आकार ठरवून पाहण्याची एक पद्धत सर्रास वापरली जाते: पिशवीत तांदूळ भरून ती ब्रामध्ये ठेवायची. पद्धत वाईट नाही, पण चूक बहुधा वजनकाट्यावर होते. सीसी हे घनफळ, ग्रॅम हे वजन. कच्चा तांदूळ पाण्यापेक्षा जागा जास्त घेतो. ३०० ग्रॅम तांदळाचे घनफळ साधारण ३७५ सीसी भरते. काट्यावर ३०० ग्रॅम मोजून पिशवी भरणारी बाई मनात पाऊणशे सीसी जास्त धरून शस्त्रक्रियेला जाते आणि नंतर ‘कमी पडले’ म्हणते. तांदूळ मापाच्या भांड्याने, मिलिलिटरच्या खुणेवर मोजावा. शिवाय पिशवी स्तनाच्या बाहेर बसते. इम्प्लांट ऊतींच्या किंवा स्नायूच्या खाली बसून थोडे दाबले जाते, त्यामुळे आतले ३०० सीसी बाहेरच्या ३०० सीसींपेक्षा काहीसे कमीच दिसतात.

अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन जॉन टेबेट्स यांनी विल्यम ॲडम्स यांच्यासोबत २००५ मध्ये एक पद्धत मांडली. स्तनाच्या तळाची रुंदी, त्वचेचा ताण, वरच्या भागातल्या ऊतींची चिमटीत येणारी जाडी अशी मोजकी मापे घ्यायची आणि त्यांवरून इम्प्लांट ठरवायचे. त्यामागचा विचार असा की, शरीर किती पेलू शकते हे मापांनी आधी कळते. इच्छा त्या मर्यादेच्या आत बसवायची. वरच्या भागातली चिमटीची जाडी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर इम्प्लांट स्नायूखाली घ्यावे, नाहीतर त्याची कड दिसते आणि चुण्या उमटतात, हा नियम आज पुष्कळ सर्जन पाळतात. आकाराच्या चिंतेवरचा सगळ्यात चांगला इलाज म्हणजे ही मापे, आणि तो शस्त्रक्रियेच्या आधीच करायचा असतो. तळाची रुंदी १२ सेंटिमीटर असलेल्या बाईला कोणी १४ सेंटिमीटरचे इम्प्लांट सुचवत असेल, तर तिने तिथेच कारण विचारावे.

सूज, स्नायू आणि काळ

सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. या दिवसांत स्तन वर, गळ्याच्या बाजूला भरलेले दिसतात, खालचा भाग सपाट वाटतो, कातडी ताणून चकाकते. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर हे जास्त जाणवते, कारण आकसलेला मोठा वक्षस्नायू त्याला वर ढकलून धरतो. ‘फार मोठे, फार वर, अनैसर्गिक’ हे तीन शब्द याच आठवड्यातले. भुलीचा आणि वेदनाशामकांचा अंमल उतरत असतो, झोप मोडलेली असते, हात वर जात नाहीत, केस विंचरायलाही कोणी लागते. या काळात रडू येणे, ‘कशाला केले हे’ वाटणे हे इतके नेहमीचे आहे की, सर्जनने ते आधीच सांगून ठेवणे मी त्यांचे कर्तव्य मानतो.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सूज उतरते आणि चिंता दिशा बदलते. भरलेपण कमी होते. बाईने मात्र सुजेसकटचा आकार हाच आपला आकार म्हणून मनात स्वीकारलेला असतो. त्या तुलनेत आता तिला घट दिसते. मूळ आकाराशी, म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधीच्या फोटोशी तुलना केली तर चित्र वेगळे दिसते. म्हणून आधीचे फोटो हवेत: समोरून आणि दोन्ही बाजूंनी, एकाच अंतरावरून, एकाच उजेडात. मान खाली घालून स्वतःकडे पाहणे हा सर्वांत खोटा कोन. त्यात पुढे आलेला भाग दिसतो, रुंदी आणि खालची गोलाई दिसतच नाही.

सहाव्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत स्नायू सैलावतो, खालची त्वचा ताणली जाते, इम्प्लांट खाली उतरून आपल्या जागी बसते आणि खालचा भाग भरतो. दोन्ही बाजू एकाच दिवशी उतरत नाहीत. ज्या हाताने बाई जास्त काम करते त्या बाजूचा स्नायू दणकट असतो आणि ती बाजू बहुधा मागे राहते. तसेही दोन्ही स्तन शस्त्रक्रियेच्या आधीही सारखे नसतात. तो फरक आधी कोणी बारकाईने पाहिलेला नसतो, आता रोज मोजला जातो. बऱ्यापैकी स्थिर आकार सहा महिन्यांनी येतो, पूर्ण स्थिरता येईपर्यंत कधीकधी वर्ष लागते. व्रण पहिले काही महिने लालसर किंवा काळपट असतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत ते जास्त काळ गडद राहतात. स्तनाग्राची बधिरता किंवा झटक्यासारख्या कळा जायलाही महिने लागतात.

धाराशिवच्या घरातले बरे होणे

शहरात लिहिलेल्या सूचनापत्रात एक वाक्य असते: चार ते सहा आठवडे जड वस्तू उचलू नये. धाराशिव हा दुष्काळाशी झगडणारा जिल्हा आहे. टँकर आला की घागरी-हंडे उचलायचे असतात. भरलेल्या घागरीचे वजन सहज १० ते १५ किलो भरते आणि ती डोक्यावर किंवा कमरेवर चढवताना वक्षस्नायूवरच जोर येतो. शस्त्रक्रियेत आत केलेल्या ताज्या खिशात बसलेल्या इम्प्लांटवर तो जोर आला तर रक्तस्राव होऊ शकतो किंवा इम्प्लांट जागेवरून सरकू शकते; मग ‘एक बाजू लहान, एक मोठी’ ही तक्रार खरी ठरते. सोयाबीनच्या काढणीच्या तोंडावर, ऑक्टोबरात, किंवा आश्विनात तुळजापूरला पायी जायचे ठरले असताना ही शस्त्रक्रिया करू नये. पाणी कोण भरेल, भाकरीचे पीठ कोण मळेल, लेकराला कोण उचलेल, याची सोय आधी लावावी आणि मगच तारीख घ्यावी.

मिश्रीचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला मराठवाड्यातली बाई सरळ नाही म्हणते आणि ते खरेही असते. पण भाजलेल्या तंबाखूची मिश्री ती सकाळ-संध्याकाळ दातांना लावते आणि तिला कोणी तंबाखूचे व्यसन समजत नाही, ती स्वतःही नाही. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते, जखम भरायला वेळ लागतो, संसर्गाचा धोका वाढतो. सर्जनने मिश्रीचे नाव घेऊनच विचारले पाहिजे. त्यांनी नाही विचारले तर बाईने आपणहून सांगावे आणि शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे व नंतरही तितकेच ती बंद ठेवावी.

ब्लाउजचे सांगायलाच हवे. इथे नव्या आकाराची पहिली परीक्षा शिंप्याकडे होते. लग्नसराई जवळ आलेली असते, पाचव्या आठवड्यात मापे देऊन पाच ब्लाउज शिवून घेतले जातात आणि तिसऱ्या महिन्यात छातीचा टोक-बिंदू खाली उतरल्याने सगळ्यांचे टक्स चुकतात. कापड बिघडल्याचे दुःख मग शस्त्रक्रियेच्या माथी मारले जाते. तीन महिन्यांपर्यंत सर्जनने सांगितलेली आधाराची ब्रा आणि सैल कपडेच वापरावेत. उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना ती ब्रा जाच करते, म्हणून थंडीचे महिने बरे.

या सगळ्यावर गुप्ततेचे सावट असते. ‘सोलापूरला गाठीचे ऑपरेशन झाले’ असे सासरी सांगितलेले असते आणि मग शंका विचारायला घरात कोणीच उरत नाही. या भागात स्तनाची शस्त्रक्रिया म्हटले की कर्करोग आठवतो, तेही साहजिक आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयातून १९८७ पासून चालणाऱ्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत या जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुके येतात; ग्रामीण भारतातली ती पहिली नोंदणी. याच जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. सव्वा लाखाहून अधिक बायका त्यात होत्या, निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीसाठी ज्यांना बोलावले होते त्यांतल्या जवळजवळ ८० टक्के बायका तपासणीला आल्या. नाजूक अवयवाची तपासणी, खेड्यातल्या बायका, पंचवीस वर्षांपूर्वीचा काळ, आणि तरी त्या आल्या. विश्वासाने आणि खाजगीत विचारले तर इथली बाई बोलते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. घरातल्या निदान एका माणसाला आणि गावच्या डॉक्टरला खरे सांगावे. पुढे कधी स्तनाची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सुईची तपासणी करायची झाली, तर आत इम्प्लांट आहे हे तपासणाऱ्याला माहीत असायलाच हवे.

जिथे थांबायचे नाही

‘थांबा, उतरेल’ हा सल्ला काही वेळा घातक ठरतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकच बाजू तासाभरात फुगू लागली, दगडासारखी टणक झाली, निळी-जांभळी पडली आणि गोळ्यांना न जुमानणारे दुखणे सुरू झाले, तर आत रक्त साठते आहे असे समजावे. हा आकाराचा प्रश्न नव्हे, ही तातडीची शस्त्रक्रिया आहे. मूळ सर्जनपर्यंत पोचण्यात वेळ जात असेल तर जवळचे रुग्णालय गाठावे: धाराशिवचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, तुळजापूर किंवा उमरग्याचे उपजिल्हा रुग्णालय, वाहन नसेल तर १०८. साठलेले रक्त काढणे सामान्य शल्यविशारदालाही येते. जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे आणि मूळ सर्जनचा त्या डॉक्टरांशी फोन जोडून द्यावा.

ताप, वाढती लाली, ऊब, जखमेतून पू ही संसर्गाची खूण. दूरच्या प्रवासानंतर एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर ती रक्ताच्या गुठळीची शक्यता. पुण्याहून परतताना दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून चार पावले चालावे ते यासाठीच. स्तन काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू घट्ट होऊ लागला, वर सरकला, लहान-गोल दिसू लागला, तर इम्प्लांटभोवतीचे आवरण आकसत असते. शरीर प्रत्येक इम्प्लांटभोवती असे आवरण करते, काहींमध्येच ते आवळते. ‘लहान झाले’ या तक्रारींतली ही खरी आणि उपचार लागणारी तक्रार. शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावर एक बाजू अचानक सुजली तर आत साठलेला द्रव काढून तपासून घ्यावा. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला एक दुर्मीळ लिम्फोमा असाच प्रकट होतो. त्याच कारणावरून जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने बायोसेल जातीची इम्प्लांट जगभरातून परत घेतली.

सहा महिन्यांनंतरही पटले नाही तर

तेव्हा तक्रार ऐकून घेतली पाहिजे. सहा महिने थांबलेल्या बाईला ‘तुमच्या मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावणे अन्याय आहे. आकार बदलण्याची इच्छा हे पुन्हा शस्त्रक्रिया होण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. पण मोठे इम्प्लांट घालण्याची किंमत असते: ऊती पातळ होतात, खालचा भाग ओघळतो, चुण्या दिसतात, आणि पुढची प्रत्येक शस्त्रक्रिया मागच्यापेक्षा अवघड होते. सौंदर्यासाठीच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही. लवकरच गरोदरपणाचा विचार असेल तर आकाराचा निर्णय त्यानंतर घ्यावा, कारण गरोदरपण आणि स्तनपान आकार आपणहून बदलतात.

इथे आधीची कागदपत्रे कामी येतात. तळाची रुंदी, चिमटीची जाडी, निवडलेले घनफळ आणि त्यामागचे कारण नोंदलेले असेल, तर चर्चा ‘वाटते’वरून ‘ठरले होते’वर येते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. मराठी बोलणाऱ्या बाईला इंग्रजीत छापलेल्या चार पानांवर सही करायला लावणे हे त्या निकालाच्या भावनेत बसत नाही. तिने मराठीत समजावून मागावे आणि समजेपर्यंत सही करू नये. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारण्यात काही वावगे नाही.

इम्प्लांटच्या खोक्यावर चिकटपट्ट्या असतात. कंपनी, प्रकार, घनफळ आणि अनुक्रमांक त्यांवर छापलेले असतात. एक पट्टी रुग्णाच्या कार्डावर लावून द्यायची असते, ती मागून घ्यावी. २०१० मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरल्याचे उघड झाले, तेव्हा जगभरातल्या लाखो बायकांसमोर एकच प्रश्न होता: आपल्या आत कोणत्या कंपनीचे आहे? ज्यांच्याकडे कार्ड होते त्यांना उत्तर लगेच मिळाले.

आकार पटला तरी इम्प्लांट आयुष्यभराचे नसते. सिलिकॉनचे इम्प्लांट आत फाटले तर बाहेरून कळतेच असे नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस आहे की, पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी. या दोन्ही तपासण्या सोलापूर आणि लातूरला होतात.